डिटेलिंगचे मायक्रोफायबर टॉवेल, धुऊन धुऊन वापरल्यावरचा माझा अनुभव

गाडीचं डिटेलिंग, म्हणजे बारकाईने साफसफाई आणि पॉलिश, घरीच करायला लागल्यापासून माझ्याकडे मायक्रोफायबर टॉवेलांचा ढीग जमलाय, आणि बरेच महिने तेच तेच टॉवेल धुऊन वापरल्यावर माझं मत असं झालंय की टॉवेल किती भारी घेतला यापेक्षा तो धुवायला टाकताना कशाबरोबर टाकला यावर त्याचं आयुष्य ठरतं. माझ्याकडे ५०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचे) गुबगुबीत पण आहेत आणि ३०० च्या आसपासचे साधे पण, आणि खरं सांगायचं तर वेगळे ठेवून धुतलेले ते साधेच अजून मस्त काम देतायत.

मुळात हा धागा म्हणजे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड, बहुतेक ८०:२० नाहीतर ७०:३०, आणि तो बारीक चिरलेला असतो, त्या चिरांमध्ये पाणी आणि धूळ धरली जाते. त्या बुजल्या की खेळ खलास. बुजवणारे पण ठरलेलेच, वॅक्स, सुती कपड्यांचा लिंट (सुटलेले बारीक तंतू) आणि सगळ्यात वाईट म्हणजे फॅब्रिक सॉफ्टनर. टॉवेल बुजलाय का हे ओळखायची माझी पद्धत सोपी आहे, कोरड्या तळहातावरून फिरवायचा, चांगला टॉवेल कातडीला बारीक बारीक अडकतो, थोडं नकोसंच वाटतं ते, आणि बुजलेला मस्त गुळगुळीत सरकतो. म्हणजे हाताला छान वाटला की समजायचं काहीतरी गडबड आहे! अजून शंका असेल तर वर पाण्याचा एक थेंब सोडा, लगेच आत गेला तर ठीक, मणी होऊन वर बसून राहिला तर तो टॉवेल गाडी पुसायच्या कामाचा नाही, पाणी नुसतं इकडून तिकडे ढकलत बसेल.

वेगळे ठेवायचं म्हणजे काय, तर बॉडीचे एका बादलीत, काचेचे आणि इंटिरियरचे दुसरीकडे, आणि चाकांचे, दरवाजाच्या खाचांचे वगैरे पूर्ण बाजूला, त्यांचा रंगच वेगळा घ्यायचा म्हणजे घाईत पण गोंधळ होत नाही. ब्रेक डस्टमध्ये लोखंडाचे कण असतात, ते धाग्यात रुतले की धुऊन सगळे निघतील याची खात्री नाही, आणि तोच टॉवेल पुढच्या वेळी बॉनेटवर फिरवला तर स्वर्ल मार्क्स, म्हणजे पेंटवरचे बारीक गोल गोल ओरखडे, आलेच म्हणून समजा, त्यात काळी गाडी असेल तर उन्हात बघवत नाही. जमिनीवर पडलेल्या टॉवेलला पण माझ्याकडे हाच नियम, झटकून परत वापरणं नाही, थेट चाकांच्या ढिगात.

धुणं तसं सोपं आहे. काम झाल्या झाल्या कोमट पाण्यात लिक्विड डिटर्जंटचे थोडे थेंब टाकून भिजवायचे, कारण पॉलिश किंवा वॅक्स एकदा वाळून कडक झालं की मग घासत बसा. नंतर मशीनमध्ये फक्त मायक्रोफायबर, ४० डिग्रीच्या वर नाही, आणि एक रिन्स जास्तीचा. हा जास्तीचा रिन्स मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, साबण राहिला तर पुढच्या वेळी काचेवर पट्टे उमटतात आणि आपण उगाच ग्लास क्लीनरला शिव्या देतो. पावडर मी टाळतो, गार पाण्यात न विरघळलेले दाणे राहतात. ब्लीच अजिबात नको.

मायक्रोफायबरसाठी म्हणून वेगळं मिळतं ते लिक्विड पण वापरून बघितलं. वाईट नाही, फेस पटकन जातो, पण सॉफ्टनर नसलेल्या, बिनवासाच्या साध्या लिक्विडपेक्षा फार वेगळं काही जाणवलं नाही, त्यामुळे संपल्यावर परत नाही घेतलं. व्हिनेगरबद्दल लोक फारच बोलतात. पाणी जड असेल तर क्षारांमुळे आलेला कडकपणा त्याने जातो, तेवढ्यापुरतं ठीक, रिन्सच्या पाण्यात थोडंसं टाकायचं, पण वॅक्स काही त्याने निघत नाही, ते काम डिटर्जंटचं. आणि हो, ब्लीच आणि व्हिनेगर कधीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू तयार होतो.

वाळवताना उष्णता हा खरा शत्रू. ड्रायर असेल तर एकदम लो हीटवर, कारण तापल्यावर धाग्यांची टोकं वितळून कडक होतात आणि ते नुकसान कायमचं. मी दोरीवरच टाकतो, सावलीत, धूळ उडत नाही अशा जागी. वाळल्यावर थोडे ताठ लागतात, दोन्ही हातांनी चोळून झटकले की परत फुलतात, आणि मग लगेच झाकणाच्या डब्यात, नाहीतर उघड्यावर ठेवून परत धूळच गोळा होणार.

आता एकच प्रकार असा आहे ज्यावर काहीच चालत नाही, सिरॅमिक कोटिंग (पेंटवर लावायचा कडक संरक्षक थर) पुसलेले टॉवेल. कोटिंग धाग्यात सुकलं की काचेसारखं कडक होतं, भिजवा, चोळा, काय वाट्टेल ते करा, निघत नाही, आणि असा टॉवेल पेंटला लावणं म्हणजे ओरखडे ओढून घेणं. त्यासाठी मी सगळ्यात स्वस्त, छोटे, काठाला शिलाई नसलेले तुकडे ठेवलेत, ते वापरून सरळ फेकतो. बाकी थेंबाच्या टेस्टमध्ये नापास झालेले चाकांना, मग एक्झॉस्टच्या टोकाला आणि बॉनेटखालच्या इंजिनच्या जागेला, आणि तिथून काळेकुट्ट होऊन आले की धुवायचे कष्ट पण घेत नाही.