गुरं, काजू की रान? डोंगरउताराचा हिशेब

गोठ्यात चारच गुरं उरलीत, मुलं पणजीला नोकरीत आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उतारावर चार हेक्टर चराऊ जमीन पडून आहे. अशा वेळी कोणीतरी दारात येतो: "कुंपण घाला, रान आपोआप येईल, कार्बन क्रेडिट विकू." सही करण्याआधी काजूशी ताडून पाहा.

काजूचं गणित गोंयकाराला शिकवायला नको. कलम तीन-चार वर्षांत धरतं, बी विकली जाते, बोंडूची हुर्राक-फेणी होते.

रानाला रोपंही लागत नाहीत. गुरांनी खुडलेले किंदळ-ऐनासारख्या रानझाडांचे खुंट जिवंत असले, तर चराई आणि वणवा थांबताच फुटतात. जमीन कातळी सड्याची, म्हणजे खडकाळ पठाराची, असेल तर मात्र हा नाद सोडा. सडा गवताचा आणि पावसाळी फुलांचा, तो तसाच बरा.

आता पैसे. एक क्रेडिट म्हणजे झाडांनी हवेतून शोषलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. सुक्या लाकडाचं वजन एक टनानं वाढलं तर साधारण १.७ टन वायू शोषला जातो. समजा हेक्टरी वर्षाला ३ टन वाढ धरली, तर चार हेक्टरांत वीसेक क्रेडिटं. त्यातली काही जोखमीपोटी राखीव कापली जातात; मोजणी आणि तपासणीचा खर्च वेगळा. एकट्यादुकट्याला हे परवडत नाही, म्हणून अनेकांच्या जमिनी एकत्र बांधतात. मग तुमचा वाटा किती, करार किती वर्षांचा आणि झाडं जळाली तर नुकसान कोणाचं, हे कागदावर हवं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे आठवा.

ऑस्ट्रेलियात चराऊ जमिनीवर असं रान परत आणण्याची सरकारमान्य पद्धत होती. सप्टेंबर २०२३ मध्ये ती नव्या प्रकल्पांना बंद झाली. झाडं वाढली ती मालकानं चराई आवरल्यामुळे की पावसामुळे, हा तिच्यावरचा मोठा आक्षेप. आपल्याकडच्या पावसात तर हा प्रश्न पहिलाच येईल.

पण खरी मेख एक-चौदाच्या उताऱ्यात, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीत, दिसत नाही. रान कोणाच्याही मालकीचं असो, त्याला वन कायदा लागू, या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन आदेशानंतर गोव्यात खाजगी वन ठरवण्याचे निकष आले: ७५ टक्के झाडं रानटी जातींची, छत्राची घनता (झाडांच्या शेंड्यांनी झाकलेला जमिनीचा हिस्सा) किमान ०.४ आणि क्षेत्र किमान ५ हेक्टर, किंवा जमीन जंगलाला लागून. म्हणजे चारच हेक्टर आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. शेजारी सरकारी रान असेल, तर तुम्ही प्रेमानं वाढवलेलं रान उद्या खाजगी वन ठरू शकतं. मग तिथे घर बांधायचं किंवा पुन्हा काजू लावायचा, तर केंद्राची परवानगी लागते. क्रेडिटवाला हे सांगत नाही, त्याला पडलेलंही नसतं.

नातवंडांसाठी जमीन मोकळी ठेवायची असेल तर काजू. विकायची नाही हे पक्कं असेल तर रान, पण क्रेडिटचे पैसे शून्य धरून. मी व्हाळाकाठचा वरचा तुकडा रानाला सोडीन, खाली काजू लावीन. आणि काजूखालचा पाला जाळणं त्याच वर्षापासून बंद. आग उतारावर वरच चढते.