विंडोज ११ टाकून घेतलं आणि साडेअकरा हजाराला बुडाले, कुणी बुडू नये म्हणून लिहितेय

मी खानापुरात डीटीपी आणि रेडियम कटिंगचं छोटं दुकान चालवते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, गाडीवरची नावं, देवाचे स्टिकर असली कामं. आमच्याकडं पत्रिका एका बाजूनं मराठी आणि दुसऱ्या बाजूनं कन्नड मागतात, त्यामुळं मराठी फॉन्ट, नुडी (कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर), कोरल (डिझाईनचं सॉफ्टवेअर) सगळं एकाच कंप्युटरवर बसवलेलं, आणि ते एकदा नीट बसलं की मी त्याला हात लावत नाही. २०१८ ला घेतलेला सेट, आय फाईव्ह प्रोसेसर सातव्या जनरेशनचा, १६ जीबी रॅम, सात वर्षं कधी कुरकूर नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट बंद झाला हे तुम्हाला माहीतच आहे. स्क्रीनवर सारखा तो मेसेज यायला लागला म्हणून बेळगावातल्या एका दुकानात विचारलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. तो म्हणाला, "वैनी, आता दहा चालवलासा तर आठ दिवसात व्हायरस येतंय, फोनपेचे पैसे पण जातंय." मी घाबरले. दुकानात लोकांचे आधार, फोटो, पत्ते पडलेले असतात, ते कुणाच्या हाती लागले तर मी कुणाला तोंड दाखवू?

हे मला नंतर कळलं, पण तुम्ही आधीच वाचा. सपोर्ट संपला म्हणजे विंडोज १० बंद पडत नाही, नवीन सिक्युरिटी अपडेट यायचे थांबतात. आणि ते पण घरगुती कंप्युटरला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, विंडोज अपडेटच्या पानावरूनच त्याची नोंदणी करता येते, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटला सेटिंग सिंक केली तर पैसे पण लागत नाहीत. म्हणजे मला वर्षभर वेळ होता. शिवाय ११ ला आठव्या जनरेशनपासून पुढचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मदरबोर्डवरची सिक्युरिटी चिप) लागतं, माझा सातवा. ११ टाकताना विंडोज हे तपासतं, त्या दुकानदारानं ती तपासणी चुकवून ११ टाकलं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. टाकायचे ८०० आणि "लायसन्सचे" २,२०० घेतले. माझं १० चं लायसन्स खरं होतं, तसं असेल तर ११ चे वेगळे पैसे लागतच नाहीत. म्हणजे ते २,२०० कशाचे घेतले?

घरी आणून सगळ्या वायरी जोडल्या आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. काम करता करता स्क्रीन एकदम काळा, वर इंग्रजीत दोन ओळी, आणि आपोआप रिस्टार्ट. (पूर्वी हा स्क्रीन निळा यायचा, आता नवीन अपडेटमध्ये काळा केलाय.) दिवसातनं चार-चार वेळा. तुळशीचं लग्न होऊन पत्रिकांची कामं आलेली, एका पत्रिकेचं कन्नड बाजूचं मॅटर तीन वेळा टाईप केलं मी, तिसऱ्यांदा डोळ्यात पाणी आलं.

मग हेलपाटे सुरू. सीपीयू गोणपाटात गुंडाळायचा, मांडीवर घेऊन बसमध्ये बसायचं, पंचवीस-सव्वीस किलोमीटर, स्टँडवरनं रिक्षा. पहिल्या खेपेला म्हणाला पॉवर सप्लाय गेलाय, १,९०० घेतले. दुसऱ्या खेपेला रॅम खराब, ३,४००. तिसऱ्या खेपेला एसएसडी (सगळ्या फाईली साठतात ती डिस्क), ३,२००. दर वेळी म्हणायचा, "चार तास चालू ठेवलोय बघा, एकदा पण बंद पडलं नाही." आणि खरंच त्याच्याकडं बंद पडायचं नाही, घरी आणलं की तासाभरात पडायचं. मला वाटायचं आमच्याच लाईटचा दोष असणार, यांनी तर घरातलं अर्थिंग पण बघून घेतलं.

मी मधे एकदा म्हटलं, राहू दे, पहिलं विंडोज १० च परत करून द्या. तर म्हणाला आता होत नाही, सगळं उडतंय. अपग्रेड केल्यापासून १० दिवसात सेटिंगमधल्या रिकव्हरीत जाऊन "गो बॅक" करता येतं, फाईली जात नाहीत, आणि तेव्हा मला सहाच दिवस झाले होते. खरं त्यानं "जागा मोकळी करून दिलोय" म्हणून विंडोज ओल्ड नावाचं, पहिलं विंडोज ठेवलेलं फोल्डर आधीच पुसलेलं, ते पुसलं की गो बॅक होतच नाही. मला वाटलं माणूस मन लावून काम करतोय.

चौथ्या खेपेला म्हणाला मदरबोर्ड गेलाय, सात हजार होतील. तिथं मी थांबले. पैसेच नव्हते म्हणून थांबले, काही कळलं म्हणून नाही.

कळलं ते निपाणीच्या माणसाकडनं. माझं रेडियम कटिंगचं मशीन त्यांच्याकडनं घेतलेलं. मशीन पण मधेच थांबतंय म्हणून फोन केला तर ते म्हणाले, "ताई, कंप्युटर बंद पडतो तेव्हाच्या स्क्रीनचा फोटो पाठवा." मी फोटो पाठवला. स्क्रीनवर खाली "व्हॉट फेल्ड" लिहून पुढं एका फाईलचं नाव होतं, शेवटी डॉट एसवायएस. त्यांनी दोन मिनिटात सांगितलं, ही आपल्याच मशीनच्या यूएसबी केबलची ड्रायव्हर फाईल आहे (ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि कंप्युटर जुळवणारं सॉफ्टवेअर), विंडोज सेव्हनच्या काळातली, ११ वर चालत नाही. मशीनची वायर काढून दिवसभर काम करा म्हणाले. काढली. दिवसभरात एकदाही बंद पडलं नाही. परत जोडून कटिंगला लावलं, वीस मिनिटात काळा स्क्रीन.

आता लक्षात आलं का? मी फक्त सीपीयू न्यायची, मशीन दुकानातच. त्याच्याकडं बंद पडायला कारणच नव्हतं. आणि त्या फाईलचं नाव रोज स्क्रीनवर येत होतं, मी त्याला तो फोटो दाखवलेला, त्यानं बघितला आणि म्हणाला, "हे मदरबोर्डचंच एरर असतंय." इतकी वर्षं कंप्युटर दुरुस्त करणाऱ्याला ती ओळ वाचता येत नसेल हे मी मानणार नाही.

निपाणीवाल्यांनी फोनवरच डिव्हाईस मॅनेजरमधनं जुना ड्रायव्हर काढायला लावला (काढताना ड्रायव्हर डिलीट करायच्या चौकोनात टिक करायची, नाहीतर तोच परत बसतो), नवीन पाठवला. एक पैसा घेतला नाही. आज तेवीस दिवस झाले, एकदा पण क्रॅश नाही. तुमचं पण असं होत असेल तर स्टार्टमध्ये "रिलायबिलिटी हिस्टरी" शोधा, कुठल्या दिवशी किती वाजता बंद पडलं ते तारखेवार दिसतं, त्या वेळी काय जोडलेलं होतं ते आठवून बघा. इव्हेंट व्ह्यूअरमधली (विंडोज स्वतःच्या नोंदी ठेवतं ते पान) "कर्नल पॉवर ४१" ही नोंद दाखवून कुणी पॉवर सप्लाय विकायला लागला तर लगेच देऊ नका. मला तेच दाखवलं होतं, आणि त्याचा अर्थ एवढाच की कंप्युटर नीट शटडाऊन न होता बंद झाला.

मग संशय आला म्हणून बाकीचं बघितलं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरी, म्हणजे रॅम, ८ जीबी. माझी १६ होती! दोन कांड्या काढून घेतल्या आणि एक घातली, वर ३,४०० घेतले. "नवीन" एसएसडी क्रिस्टल डिस्क इन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये बघितली, पॉवर ऑन अवर्स २१,३४०. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं रात्रंदिवस चाललेली कुणाची तरी जुनी. आणि माझी चांगली एसएसडी त्याच्याकडं, त्यात गिऱ्हाइकांचे आधार, माझे बँकेचे सेव्ह केलेले पासवर्ड. पैशापेक्षा याचं मला जास्त लागलं. त्याच रात्री सगळे पासवर्ड बदलले. आता कुणी काहीही बदललं तर जुना पार्ट तिथल्या तिथं मागून घेते, आणि सीपीयू द्यायच्या आधी आतले नंबर दिसतील असे फोटो काढून ठेवते.

आम्ही दोघं जाऊन विचारलं. आधी म्हणाला जुने पार्ट भंगारात गेले, यांनी आवाज चढवल्यावर आतनं एसएसडी आणली. रॅमचं मात्र "बघतो" म्हणाला. बिल मागितलं तर कच्ची चिठ्ठी, त्यावर जीएसटी नंबर नाही, शिक्का नाही. खरं एक बरं झालं, चारी वेळा पैसे मी फोनपेनं दिलेले, तारखेसकट सगळं निघतंय. ते स्क्रीनशॉट, चिठ्ठ्या आणि त्या काळ्या स्क्रीनचा फोटो जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवलीय. परवा त्याचा फोन आला होता, तक्रार मागं घ्या, रॅम देतो म्हणून. मी सांगितलं, रॅम आणि सगळे पैसे दोन्ही टेबलावर ठेवा, मग बघू.