४०,४९८ रुपये आणि न आलेली टेलर

४०,४९८ रुपये गेले आणि टेलर कंपनीची गिटार आली नाही. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण घरी मी 'दहा-बारा हजार' सांगितलंय आणि गावात मित्रांना 'वीसेक'. इथे तरी खरा राहू दे.

फसवणुकीची रीत सगळ्यांना पाठ आहे. आधी टोकन, मग अर्धे, मग 'रिफंडेबल' काहीतरी. लष्करातल्या जवानाची बदली झालीय, फ्रीज स्वस्तात देतोय, असल्या भामट्यांपासून सावध राहा म्हणून मी स्वतः लोकांना मेसेज पाठवलेत. त्यामुळे कुणी 'शिकेल-सवरेल माणूस, अन् तू कसा काय फसना?' असं विचारलं की डोकं फिरतं. हा माणूस जाहिरातीतून उगवला नव्हता. तो आमच्यातलाच होता, निदान तसा वावरत होता.

खान्देशात अकॉस्टिक गिटार वाजवणारे तसे विखुरलेले. जळगाव, धुळे, भुसावळ, शिरपूर, नंदुरबार, जिथे असतील तिथले आम्ही व्हॉट्सॲपवर जमलो. कुणी नवीन गिटार घेतली की फोटो टाकायचा, बाकीच्यांनी जळायचं, हाच धंदा. कुणाची यामाहा एफ ३१०, कुणी पैसे साठवून एफजी ८०० आणलेली, कुणी कोलकात्यात बनलेली. पुण्या-मुंबईच्या लोकांना दुकानात बसून पाच गिटारी मांडीवर घेऊन बघता येतात. इकडे दुकानात मिळतात त्या शाळेच्या गॅदरिंगच्या. चांगली हवी असेल तर फोटोवर विश्वास ठेवा, नाहीतर रात्रीची गाडी पकडून मुंबईला जा. मी जून महिन्यात कृषी केंद्र बंद ठेवून मुंबईला जाऊ? लोक कपाशीचं बियाणं आणि युरिया मागायला दारात उभे असतात.

हा भामटा कित्येक महिने ग्रुपवर होता. नाशिकचा, बँकेत नोकरीला, असं सांगायचा. नवशिक्यांना शिकवायचासुद्धा. साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या मधल्या भोकाच्या, कडेचा जवळून फोटो टाक, वरच्या पट्टीतल्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरताना दिसल्या तर टॉप (वरची फळी) सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाचा, थर दिसले तर प्लायवूड, हे मला त्यानेच सांगितलं आणि ते खरंच आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा कोरडी ठणठणीत, सॉलिड टॉपला तडा जातो, फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बाहेर येऊन बोटांना लागतात. तेव्हा केसमध्ये ओला स्पंज डबीत घालून ठेवा, हेही त्याचंच. आता कळतंय, सगळं कुठूनतरी उचललेलं होतं. पण अशा माणसावर कोण संशय घेणार? तुम्ही घेतला असता?

मग त्याने टेलर २१४ सीई विकायला काढली. सिटका स्प्रूस लाकडाचा सॉलिड टॉप, रोझवूडची (शिसवाच्या जातीच्या लाकडाची) पाठ, ॲम्प्लिफायरला जोडायचा पिकअप बसवलेला, सोबत केस. किंमत ५८,०००. नवी घ्यायची तर लाखाच्या वर जाते. 'कॅलिफोर्निया मेड' म्हणाला. २०० सिरीज मेक्सिकोतल्या टेकाटेला बनते हे मला माहीत होतं, पण विकणारे सगळेच असं बोलतात, म्हणून सोडून दिलं. माझी नुकतीच ४० हजारांची भिशी लागली होती.

आता ती जागा सांगतो, जिच्यावरून रात्री झोप उडते. मी विचारलं, 'ॲक्शन किती आहे?' कुठलाही गिटारवाला बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर सांगतो. अडीच मिलीमीटर, पावणेतीन, काहीतरी. मोजलं नसेल तर 'संध्याकाळी मोजून सांगतो' म्हणतो. याचं उत्तर आलं: 'ॲक्शन एकदम जबरदस्त आहे भाऊ, फुल ॲक्शनमध्ये आहे.' पुढे हसणारा चेहरा.

फुल ॲक्शनमध्ये! सात वर्षांच्या पोराने दिलं असतं तर चाललं असतं असं उत्तर. मी ते वाचलं, मलाही हसू आलं, वाटलं गंमत करतोय, आणि उलट हसणारा चेहरा पाठवला. समोर काउंटरवर तीन शेतकरी उभे होते, एक जण उधारीसाठी हुज्जत घालत होता. फोन बाजूला ठेवला. तो मेसेज अजून आहे माझ्याकडे. अधूनमधून उघडून बघतो आणि स्वतःला शिव्या घालतो.

पैसे असे गेले. बुकिंगचे ३,०००. मग पॅकिंग करून कुरियरला देतो म्हणून २६,०००. पैसे टाकताना स्क्रीनवर भलत्याच कुठल्यातरी ट्रेडर्सचं नाव आलं. विचारलं तर 'मेव्हण्याचं करंट खातं, माझ्या खात्याची लिमिट संपली.' यूपीआयला दिवसाची मर्यादा असते हे खरं, म्हणून पटलं. (स्क्रीनवर दुसरं नाव दिसलं की तिथेच थांबा. मेव्हणा असो नाहीतर सासरा.) कुरियरची पावती आली, नंबर टाकला की एका वेबसाइटवर 'माल निघाला' असं दिसायचं. वेबसाइटही भामट्यांचीच. मग 'ट्रान्झिट इन्शुरन्स, डिलिव्हरीनंतर परत' म्हणून ६,४९९.

मग ई-वे बिलाचे, म्हणजे मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या कागदाचे, ४,९९९. इथे मला सगळ्यात जास्त बोलणी बसली. माझ्या दुकानात खताचा ट्रक येतो तो ई-वे बिलासकट येतो. पण ते कंपनी काढते, मी आयुष्यात काढलेलं नाही. ५० हजारांवरच्या मालाला लागतं एवढं माहीत होतं, आणि गिटार ५८ ची. नंतर सीएने सांगितलं की ते काढायला सरकार एक पैसा घेत नाही, आणि वापरलेल्या घरगुती सामानाला तर लागतच नाही.

शेवटी मागितले ९,९९९. रोझवूड आहे म्हणून वनखात्याची एनओसी. सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला लाकडाच्या वाहतूक पासाचं नवल वाटत नाही, त्यांनी तेच हेरलं असणार. पण इथे मी अडलो. रोझवूडवर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निर्बंध आले होते, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, आणि तो सगळा मामला देशाबाहेर नेण्या-आणण्याचा. नाशिकहून इकडे यायला कसली एनओसी? असं लिहिल्यावर पाच मिनिटांत ब्लॉक. ग्रुपमधूनही गायब.

त्यानंतर शिरपूरच्या एका पोराने फोटो मोठा करून दाखवला. गिटारमागच्या भिंतीवर अमेरिकेतलं सॉकेट, दोन उभ्या चिरा आणि खाली गोल भोक. नाशिकमध्ये! आम्ही सगळ्यांनी तो फोटो बघितला होता, 'काय टॉप आहे राव' म्हणून. भिंत कोण बघतो?

आता सरकारी कामाची कथा. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागेना. लागला तेव्हा बाईंनी नीट ऐकून घेतलं हे मान्य, तक्रारीचा नंबरही आला. प्रत्येक व्यवहाराचा १२ आकडी यूटीआर (व्यवहाराचा नंबर) विचारतात, तो लिहून घेऊनच फोन करा. आणि भामट्याशी भांडण्यात वेळ घालवू नका, आधी १९३०. मी भांडत बसलो तोवर पैसे पुढच्या खात्यात.

बँकेत गेलो तर अधिकारी म्हणतात, 'पिन तुम्हीच टाकला ना?' रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी नाही म्हणून. ते म्हणाले, ते तुमच्या परवानगीशिवाय पैसे गेले तर. म्हणजे चोराने खिसा कापला तर बँक ऐकणार, चोराने गोड बोलून खिशात हात घालायला लावला तर तुमचं तुम्ही बघा. मग ती रोज रोज 'सावध राहा'ची एसएमएस कशाला पाठवता? आणि ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुणीतरी केवायसी करूनच उघडलं असेल ना? त्याला कोण विचारणार?

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: 'गिटार? ती काय करायची होती?' मागून कुणीतरी हसलं. ट्रॅक्टरचे पैसे गेले असते तर हसले असते का? मग म्हणाले, आयटी कायद्याचा तपास निरीक्षकच करू शकतात, साहेब बंदोबस्तात आहेत. हे कायद्यात खरंच लिहिलंय, मी घरी येऊन बघितलं. पण साहेब कायम बंदोबस्तातच असतात हे कुठे लिहिलंय? जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो, तिथे म्हणे रक्कम लहान आहे, तालुक्यालाच द्या. तालुक्याला म्हणे आरोपी नाशिकचा. अहो, तो नाशिकचा नाहीच, हेच तर सांगायला आलोय! नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार घ्यावी लागते, हे मी छापून नेलं. कागद घेतला, घडी घातली, फाइलखाली ठेवला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मागितला तर 'कशाला हवा?' हवाच. शिक्का घेतल्याशिवाय उठू नका.

भामट्याच्या खात्यात १,२१२ रुपये गोठवलेत असं कळवलंय. ते मिळवायला कोर्टाचा आदेश आणा, असं मला सांगितलं. वकिलाने सांगितलेली फी इथे लिहीत नाही, बीपी वाढतं.

वर आणखी एक जण 'सायबर सेलमधून बोलतोय, २,५०० भरा, पूर्ण रक्कम परत' म्हणाला. हे दुसरे भामटे पहिल्यांकडूनच यादी घेतात, मला खात्री आहे. एक रुपया देऊ नका.

गिटार ऑनलाइन घेताय तर तारांमध्ये तुमच्या नावाची चिठ्ठी खोचून आजचा फोटो मागा. ॲक्शन मिलीमीटरमध्ये विचारा. त्या गावात कुणी ओळखीचं असेल तर त्याला पाठवा आणि पैसे गिटार हातात आल्यावरच. 'विश्वास नाही का भाऊ?' म्हणाला तर सांगा, नाही.

तीच टेलर, तेच फोटो, परवा नागपूरच्या एका मित्राला आलेत. नाव वेगळं, आता नोकरी रेल्वेत आहे, भाव ५५,००० वर आणलाय. डाव्या कोपऱ्यात ते सॉकेट तसंच आहे.