बर्फातल्या बसचा चालक कुठे तयार करायचा: मैदानावर, सिम्युलेटरवर की वस्तादाच्या शेजारी?

अटल बोगदा 3 ऑक्टोबर 2020 ला खुला झाला आणि मनालीपलीकडच्या हिवाळी वाहतुकीचं गणितच बदललं. आधी रोहतांगची 3,978 मीटरवरची खिंड बंद झाली की पलीकडच्या लाहौल खोऱ्याचा रस्ता महिनोन्‌महिने तुटायचा. आता 9.02 किलोमीटरच्या बोगद्यातून, रस्ता साफ असेल तर, जानेवारीतही बस सिस्सू, केलाँगकडे जाते. तिकडे पर्यटक नेणाऱ्या आपल्याकडच्या छोट्या बसमालकाला म्हणूनच ठरवावं लागतं, की चालकांच्या प्रशिक्षणाचे पैसे कशावर घालायचे.

आधी पकडीचा हिशेब बघा. ताशी 40 किलोमीटरने चाललेली गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या सपाट डांबरावर साधारण 9 मीटरमध्ये थांबते, गुळगुळीत बर्फावर 63 मीटरच्या आसपास. वेग 20 वर आणला तर त्याच बर्फावर 16 मीटर. आणि दहाला एक असा उतार असेल तर ती थांबतच नाही, कारण टायरची पकड जेवढी, तेवढीच उताराची ओढ. तिथे कितीही कसलेला चालक असो, ब्रेक दाबल्यावर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. जे करायचं ते उतार सुरू होण्याआधी. माझं मत या एका गोष्टीवर उभं आहे.

घसरणीच्या मैदानावर, म्हणजे पाणी सोडलेल्या गुळगुळीत पट्ट्यावर, चालक मुद्दाम गाडी घसरवतो. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, धडधडायला लागलं की पायाखाली काय जाणवतं, मागचा भाग बाहेर फेकला जाताना स्टिअरिंग किती आणि कधी वळवायचं, हे शरीरात उतरतं. ब्रेक 'पंप' करायची जुनी सवय इथेच मोडते. एअर ब्रेकच्या गाडीत पंप केल्याने टाकीतली हवा संपते, आणि एबीएस असताना ब्रेक पूर्ण दाबून धरायचा असतो. पण नॉर्वेचा अनुभव विसरू नका. तिथे 1980 च्या दशकातल्या अभ्यासात दिसलं, की घसरलेली गाडी सावरायला शिकलेल्या तरुण कारचालकांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढले. आत्मविश्वास कौशल्याच्या पुढे गेला होता. त्यानंतर भर सावरण्यावरून टाळण्यावर गेला. आपल्याकडे अशा पृष्ठभागांचे ट्रॅक आहेत, जसं इंदूरजवळच्या पीथमपूरचं नॅट्रॅक्स, पण ते मुख्यतः गाड्यांच्या चाचणीसाठी.

सिम्युलेटरबद्दल थोडक्यात. समोरून ट्रक आला, अचानक धुकं उतरलं, असे प्रसंग पुन्हापुन्हा उभे करायला तो उत्तम. युरोपीय संघाच्या नियमांत बसचालकाच्या 280 तासांच्या मूळ प्रशिक्षणात किमान 20 तास प्रत्यक्ष ड्रायव्हिंग असतं, आणि त्यातले जास्तीत जास्त 8 तास खास मैदानावर किंवा उच्च दर्जाच्या सिम्युलेटरवर चालतात. बाकीचे रस्त्यावर. हे प्रमाण मला योग्य वाटतं.

उरला वस्ताद, म्हणजे त्याच रस्त्यावर अनेक हिवाळे काढलेला स्थानिक चालक. दुपारी वितळलेलं नाल्याचं पाणी रस्त्यावरून वाहतं आणि रात्री गोठतं. सकाळी ते ओल्या डांबरासारखंच दिसतं. कुठल्या वळणावर ऊन अकरापर्यंत पोहोचत नाही, कुठल्या पुलावर आधी बर्फाचा पातळ थर धरतो, हे त्यालाच ठाऊक. ज्या गिअरने घाट चढायचा त्याच गिअरने उतरायचा, हे आपल्या वरंध-आंबेनळीच्या चालकालाही पाठ असतं. बर्फात मात्र तो गिअर माथ्यावरच पडलेला हवा. उतारात मध्येच खालचा गिअर टाकला, की मागची चाकं एकदम रोखली जातात आणि गाडी आडवी होते. रिटार्डरचं, म्हणजे पायब्रेक न वापरता बसचा वेग कमी करणाऱ्या यंत्रणेचंही तसंच. तो मागच्याच चाकांवर काम करतो, म्हणून निसरड्यावर बंद.

बर्फात पकडीसाठी टायरवर चढवायच्या साखळ्याही वस्तादच शिकवू शकतो. सपाट जागी गाडी लावून साखळी टायरवर पसरायची, आधी आतल्या बाजूची कडी अडकवायची, मग बाहेरची, गाडी थोडी पुढे घेऊन पुन्हा ताणायची. हे हातमोजे घालून, टॉर्चच्या उजेडात जमलं तरच जमलं म्हणायचं.

या पद्धतीचा दोष असा, की वस्ताद तुम्हाला दरीकाठी घसरू देणार नाही, द्यायलाही नको. शिवाय त्याच्या चुकीच्या सवयीही शिष्याकडे येतात. पंपिंग त्यातलीच.

म्हणून पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर वस्ताद निवडा. त्याला पूर्ण पगार द्या, आणि पहिला पूर्ण हिवाळा नव्या चालकाला शेजारी बसवा. स्टिअरिंग हळूहळू हातात द्या, आधी रिकामी बस, मग प्रवासी. थोडे जास्त पैसे असतील तर त्याआधी मैदानावरचा एक दिवस घ्या, पण प्रशिक्षकाला आधीच विचारा, की तो गाडी सावरायला शिकवतो की ताशी 30 आणि 40 किलोमीटरमधला फरक दाखवतो. दुसरं दाखवणारा हवा. सिम्युलेटर शेवटी. आणि परत फिरायचा निर्णय चालकाचा राहील, त्या दिवसाचा पगार कापला जाणार नाही, हे नेमणुकीच्या कागदावर लिहून द्या. ते नसेल तर तिन्हीवरचा खर्च वाया जाईल.