इको नॉर्मल आला, तरी हृदयाचा एमआरआय करायचा का?

मायोसायटिस म्हणजे प्रतिकारशक्तीच्या गडबडीने स्नायूंना, कधी हृदयाच्या स्नायूलाही, सूज आणणारा आजार. तो झालेल्या माणसाचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, नॉर्मल आली की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. तेवढ्यात डॉक्टर कार्डियाक एमआरआय सुचवतात. पुन्हा खर्च, पुन्हा धावपळ, आणि तीही ज्याला खुर्चीवरून उठताना आधार लागतो त्याला घेऊन. ‘कशाला?’ असं वाटणं साहजिक आहे.

दोन्ही तपासण्या वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. इको हृदयाचं काम बघतो: डावा कप्पा दर ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतो, दोन ठोक्यांच्या मधे नीट सैलावतो का, भोवती पाणी साचलंय का. फुप्फुसांतल्या रक्तदाबाचाही अंदाज येतो, आणि या आजारात फुप्फुसंही अनेकदा बाधित असतात, त्यामुळे ती माहिती मोलाची. अर्ध्याएक तासात होतो, इंजेक्शन सहसा लागत नाही, हवा तितक्या वेळा करता येतो. पण सूज भिंतीच्या आत असेल आणि पंपाचं काम अजून बिघडलं नसेल, तर साध्या इकोत ती दिसत नाही. स्ट्रेन, म्हणजे स्नायू दर ठोक्याला किती आखडतो, ते मोजणारा इको थोडं आधी सावध करतो, तरी बिघाड सुजेमुळे आहे की आणखी कशामुळे, हे तोही सांगत नाही.

एमआरआय थेट स्नायूकडे बघतो. पाणी धरलेला, सुजलेला भाग कुठे, व्रण कुठे. गॅडोलिनियम (शिरेतून दिलं जाणारं, चित्र ठळक करणारं द्रव्य) दिल्यावर व्रणाचा आकारही बोलका असतो: रक्तवाहिनी बंद झाल्याचा व्रण आतल्या अस्तरापासून सुरू होतो, सुजेचा बहुधा भिंतीच्या मध्यात किंवा बाहेरच्या बाजूला असतो. उपचार यावरच ठरतात. सूज चालू असेल तर प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं वाढवायची. नुसता जुना व्रण असेल तर ती वाढवून फारसं हाती लागत नाही, मग हृदयाला आधार देणाऱ्या औषधांवर भर.

अडचणीही आहेत. पाऊण ते एक तास उताणं झोपून वारंवार श्वास रोखायचा असतो. श्वसनाचे स्नायू दुबळे असतील किंवा फुप्फुसं कडक झाली असतील तर हे फार जड जातं. तंत्रज्ञांना आधीच सांगा, छोट्या टप्प्यांत करता येतं. मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर गॅडोलिनियमचा निर्णय जपून घ्यावा लागतो. पेसमेकर असेल तर तो एमआरआयला चालणारा आहे का, ते विचारा.

रक्ततपासणीत अनेकांची फसगत होते, म्हणून इथे जरा थांबते. सीके-एमबी आणि ट्रोपोनिन टी हे दोन्ही हृदयाचे निर्देशक म्हणून ओळखले जातात, पण मायोसायटिसमध्ये हातापायांच्या स्नायूंतूनही ते वाढतात. आकडा पाहून हार्ट अटॅकची धास्ती घेऊ नका, आणि ‘हे स्नायूंचंच’ म्हणून सोडूनही देऊ नका. ट्रोपोनिन आय करून घ्या. तो हृदयाशी जास्त नेमका जोडलेला आहे. रिपोर्टवर टी आहे की आय, हे प्रत्येक वेळी वाचा.

ईसीजी दोन्ही वाटांवर हवाच, कारण हृदयातल्या विजेच्या मार्गातले अडथळे आणि ठोक्यांची अनियमितता ना इको नीट दाखवतो ना एमआरआय. धडधड येऊन जाऊन असेल तर 24 तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावलेल्या छोट्या यंत्राने सलग ईसीजी नोंदवणं.

माझं मत स्पष्ट आहे. त्रास नाही, ईसीजी आणि ट्रोपोनिन आय ठीक, इको नॉर्मल: एमआरआयची घाई नको, ठरावीक काळाने पुन्हा बघा. यातलं एक जरी बिनसलेलं असेल, किंवा दम लागतोय आणि फुप्फुसं व श्वसनाचे स्नायू तपासूनही कारण सापडत नसेल, तर नॉर्मल इकोवर विसंबू नका, एमआरआय करा. रक्तात अँटी-मायटोकाँड्रियल अँटिबॉडी (शरीराच्याच पेशींतल्या घटकांविरुद्ध तयार झालेलं एक प्रतिपिंड) असेल तर मी उंबरठा आणखी खाली ठेवेन, कारण या गटात हृदय बाधित होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. चक्कर येऊन शुद्ध हरपली, किंवा कॅन्सरची इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध चेतवणारे उपचार) चालू असताना स्नायू दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या आणि धाप लागली, तर तुलना करत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

एमआरआय ठरलाच तर शक्यतो स्टिरॉइडचा मोठा डोस सुरू होण्याआधी करा, कारण उपचारांनी सूज ओसरू लागते आणि नंतर फक्त व्रण दिसतो. मात्र प्रकृती बिघडत असेल तर स्कॅनच्या तारखेसाठी औषध थांबवून ठेवायचं नाही.