गेटचा कीपॅड घेताना: एकटा पुरे, की आत कंट्रोलरही हवा?

विलेपार्ले पूर्वेला आमची 24 फ्लॅटची सोसायटी. गाड्यांना सरकतं गेट आणि त्याला लागून माणसांच्या ये-जा करण्याचं छोटं दार. कीपॅड बसवायचं ठरलं तेव्हा कमिटीपुढे दोन कोटेशन आली. एकात सगळं कीपॅडमध्येच: कोड त्यातच साठवायचे आणि गेटला इशारा देणारा रिलेही त्यातच. याला स्टँडअलोन म्हणतात. दुसऱ्यात बाहेर फक्त बटणं, आणि कोड व रिले वॉचमनच्या केबिनमधल्या कंट्रोलरच्या डब्यात. आम्ही पहिलं घेतलं. दोन वर्षांनी मोठ्या गेटला दुसरं बसवलं. त्यामुळे दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे.

स्टँडअलोनची बाजू आधी. खर्च कमी, वायरिंग थोडं, आणि वायरमन अर्ध्या दिवसात मोकळा होतो. अडचण अशी की रिले रस्त्याच्या बाजूला असतो. कोणी स्क्रू काढून मागच्या दोन वायरी एकमेकींना टेकवल्या, तर कोडची गरजच उरत नाही. चांगल्या मॉडेलला झाकण उघडताच वाजणारा अलार्म असतो, पण वाजेपर्यंत गेट उघडलेलं असतं. कंट्रोलर असेल तर बाहेरचा कीपॅड फक्त आकडे आत पाठवतो. तो उखडून नेला तरी गेट हलत नाही. रस्त्यावरच्या गेटसाठी मला हा एकच मुद्दा पुरेसा वाटतो.

दुसरा फरक नोंदीचा. कंट्रोलर कोणता कोड किती वाजता वापरला ते लिहून ठेवतो. साध्या स्टँडअलोनमध्ये बहुधा ही सोय नसते. रात्री पार्किंगमध्ये कोणाच्या गाडीला ओरखडा पडला की या नोंदीची किंमत कळते.

आता प्रोग्रामिंग, कारण खरा घोळ इथेच होतो. बऱ्याच स्टँडअलोन कीपॅडवर पद्धत सारखी असते. स्टार, मास्टर कोड (सेटिंग बदलण्याचा मुख्य कोड), हॅश दाबलं की सेटिंगमध्ये शिरता येतं. मग नवा माणूस घालण्याचा आकडा, त्याचा क्रमांक, हॅश, त्याचा पिन, हॅश. स्टार दाबून बाहेर. नेमके आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, म्हणून पुस्तिकेची झेरॉक्स सोसायटीच्या फाइलला लावाच. आणि कंपनीचा मास्टर कोड, बहुतेक वेळा 123456 किंवा 888888, वायरमन निघायच्या आत स्वतः बदला. बसवणाऱ्यालाही तो कळता कामा नये.

या सगळ्यात ‘क्रमांक’ हा शब्द नीट समजून घ्या. क्रमांक म्हणजे जागा, पिन म्हणजे गुपित. कोणत्या जागेवर कोणता फ्लॅट आहे हे वहीत लिहिलेलं असेल, तर पिन माहीत नसतानाही तेवढा एकच कोड काढता येतो. आम्ही सुरुवातीला अख्ख्या बिल्डिंगला एकच पिन दिला होता. पेपरवाला, दूधवाला, गाड्या धुणारा पोरगा, 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट संपवून गेलेले भाडेकरू, सगळ्यांकडे तोच. शेवटी बदलायचा ठरवला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या आजी रात्री साडेनऊला पावसात गेटबाहेर उभ्या राहिल्या, कारण त्यांना नवा पिन कोणी सांगितलाच नव्हता. मला आजही त्याची रुखरुख आहे. तेव्हापासून दर फ्लॅटला वेगळा पिन, कामाला येणाऱ्यांना त्यांचा वेगळा, आणि आजींना कीपॅडला टेकवायचं कार्ड.

पिन सहा आकडी ठेवा. चार आकड्यांत 10,000 शक्यता असतात, सहात 10 लाख. त्यातही सगळ्यांचा एकच चार आकडी पिन असला की तीच चार बटणं झिजतात. आकडे वेगवेगळे असतील तर अनोळखी माणसाला मोजून 24 क्रम तपासायचे उरतात. कार्ड सोयीचं खरं, पण 125 किलोहर्ट्झचं साधं कार्ड बाजारातल्या छोट्या यंत्रावर कॉपी होतं. 13.56 मेगाहर्ट्झचं मागा आणि त्यातलं एन्क्रिप्शन (माहिती सांकेतिक करून कॉपी रोखण्याची सोय) खरोखर वापरलं जातंय का ते विचारा.

रिलेची वेळही तपासा. दाराच्या लॉकला पाच सेकंद ठीक. गेटच्या मोटरला मात्र एक सेकंदाचा टिचका पुरतो. आमच्याकडे बसवणाऱ्याने तिथे 0 टाकलं होतं. बऱ्याच मॉडेलमध्ये 0 म्हणजे एकदा चालू झालं की पुढचा कोड येईपर्यंत चालूच. मोटरला उघडण्याचा इशारा सतत मिळत राहिला आणि गेट रात्रभर सताड उघडं राहिलं.

कंट्रोलरमध्ये हे सगळं कॉम्प्युटरवर नावांसकट दिसतं, त्यामुळे वहीचं काम हलकं होतं. त्याचा स्वतःचा त्रास वेगळा. कीपॅड आकडे ज्या पद्धतीने पाठवतो तीच कंट्रोलरला समजायला हवी. या पद्धतीला वीगँड म्हणतात, आणि तिच्या 4 बिट, 8 बिट आणि 26 बिट अशा तऱ्हा आहेत. जुळली नाही तर कार्ड चालतं पण पिन चालत नाही. हिरवी आणि पांढरी वायर उलट लागली तर काहीच धड वाचलं जात नाही. पैसे द्यायच्या आधी दोन्ही समोर चालवून घ्या.

पावसाळ्यासाठी कीपॅड किमान आयपी 65चा (म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत न जाणारा) घ्या, वर पत्र्याची छत्री लावा आणि वायर खालून आत घ्या. कंट्रोलर आणि पॉवर सप्लाय छातीच्या उंचीवर. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस झाला होता आणि आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. जमिनीलगत लावलेला डबा अशा दिवशी वाचत नाही.

माझा सल्ला असा. गाड्यांच्या गेटला कंट्रोलर घ्या. आतल्या दाराला, जिम किंवा गच्चीला स्टँडअलोन भरपूर झाला. बजेट एकाचंच असेल आणि गेटवर रात्रंदिवस वॉचमन असेल, तर मोठ्या गेटलाही स्टँडअलोन चालेल, पण मग वही सांभाळणारा एक माणूस आधी ठरवा.

कोणतंही घ्या, बॅटरी बॅकअप कोटेशनमध्ये लिहून घ्या. मोटर हाताने मोकळी करायची किल्ली केबिनमध्ये खिळ्याला टांगा आणि रात्रपाळीच्या वॉचमनकाकांकडून ती एकदा फिरवून घ्या. वीज नसताना 108ची ॲम्ब्युलन्स गेटपाशी आली, तर त्या वेळी तीच किल्ली लागणार आहे.