2 टीबीच्या डबीत 64 जीबीचं कार्ड: फोटो गमावण्याआधी तपासा

लग्नसराईचे, गणपतीतले फोटो ठेवायला कोकणात बरीच मंडळी स्वस्तातली ‘2 टीबी एसएसडी’ (चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) ऑनलाइन मागवतात. हजाराच्या आत 2 टीबीची खरी एसएसडी येत नाही. दुरुस्तीला आलेली अशी एक डबी उघडली, तर आत साधा यूएसबी कार्ड रीडर, त्यात 64 जीबीचं मायक्रोएसडी कार्ड आणि वजन भरावं म्हणून गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी.

ही लबाडी लगेच कळत नाही, हे सगळ्यात वाईट. ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर, म्हणजे तिच्या आतला प्रोग्राम, बदललेलं असतं, त्यामुळे संगणक 2 टीबीच दाखवतो. पहिले 64 जीबी नीट उतरतात. पुढचा डेटा काही ड्राइव्ह सरळ टाकून देतात, काही जुन्याच फायलींवर चढवतात. फायलींची यादी बहुधा सुरुवातीच्या भागात असते, म्हणून फोल्डर, नावं, साइज सगळं जागच्या जागी दिसतं. कॉपी केल्याबरोबर फोटो उघडून पाहिला तर उघडतोही, कारण तो संगणकाच्या रॅममधून, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतून येतो. मग दोन वर्षांनी बारशाला लग्नाचा व्हिडिओ लावायला जावं, तर फाइल करप्ट. तोवर कॅमेऱ्याची मेमरी कार्डं पुसून पुन्हा वापरलेली असतात.

नवीन ड्राइव्ह कुठूनही घ्या, एकही फोटो टाकण्याआधी पूर्ण भरून तपासा. त्यासाठी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू (H2testw), मॅक आणि लिनक्सवर एफथ्री (F3) हे प्रोग्राम आहेत. दोन्ही फुकट आहेत. ही साधनं पूर्ण जागा भरतात आणि लिहिलेलं परत वाचून ताडून बघतात. सेकंदाला 30 एमबी वेग धरला तर 2 टीबी नुसते लिहायलाच साडेअठरा तास लागतात, वाचायचे वेगळे. पावसाळ्यात लाईट जाते, तेव्हा यूपीएसवर किंवा चांगल्या बॅटरीच्या लॅपटॉपवर लावा. विंडोजमध्ये 1.81 टीबी दिसलं म्हणून घाबरू नका, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे.

फोटो आधीच टाकलेले असतील आणि ड्राइव्ह बनावट निघाली, तर तिच्यावर आणखी काही लिहू नका. आधी तिची पूर्ण इमेज, म्हणजे अख्ख्या ड्राइव्हची जशीच्या तशी प्रत, दुसऱ्या डिस्कवर काढा, मग तीतून फायली शोधा. इथे दुसऱ्यांदा फसवतात: ‘सगळा डेटा काढून देतो’ म्हणत आगाऊ पैसे मागतात. जो डेटा चिपवर उतरलाच नाही किंवा ज्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं, तो कुठलीही लॅब काढू शकत नाही. बिल, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ आणि चाचणीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. विक्रेता पैसे परत देत नसेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

खरी एसएसडीसुद्धा वर्षानुवर्षं कपाटात टाकून ठेवायची वस्तू नव्हे; वीज न मिळाल्यास चिपमधला, डेटा धरून ठेवणारा चार्ज हळूहळू गळतो, उकाड्यात जास्तच. त्यापेक्षा बिलावर घेतलेल्या दोन हार्ड डिस्क बऱ्या. दर सहा महिन्यांनी जोडून फायली उघडून बघा. खारी, दमट हवा कनेक्टर खाते, म्हणून सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. दुसरी डिस्क मात्र पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे द्या. जुलै 2021 मध्ये चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा एकाच घरात ठेवलेल्या दोन प्रती एकदमच भिजल्या असत्या.